बदलाचा खर्च कोणाच्या नावे?

१९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले आणि पुढची दोन वर्षे ते गिऱ्हाइकाविना पडून राहिले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण सांगतो आणि सांगताना गालातल्या गालात हसतो. उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत हा प्रसंग ठरलेला असतो: एका बाजूला द्रष्टा कारखानदार, दुसऱ्या बाजूला अडाणी शेतकरी, आणि अखेरीस ज्ञानाचा विजय. पुण्याच्या परिसरातील कारखान्यांत आधी उत्पादनाच्या आणि पुढे मनुष्यबळाच्या खात्यात बरीच वर्षे काढल्यावर मला या कथेतला शेतकरी अधिकाधिक शहाणा वाटू लागला आहे, आणि त्यामुळे लक्ष्मणरावांचे मोठेपण माझ्या लेखी कमी न होता वाढलेच आहे.

विषाची ती शंका केवळ आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते, असे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली होती. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलुखांतल्या माणसांना शंभर वर्षांच्या अंतराने एकच शंका येते, तेव्हा तिला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळे होण्याआधी जरा थांबायला हवे. शिवाय देशी नांगर पूर्णपणे लाकडाचा कधीच नव्हता. त्याच्या टोकाला गावच्या लोहाराने ठोकलेला लोखंडी फाळ असायचाच, आणि तो फाळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत फिरत आलेला होता. लोखंडाचा मातीला स्पर्श होणे हीच जर खरी भीती असती, तर ती या फाळाच्या बाबतीतही वाटली असती. भीती दुसऱ्याच कशाची तरी होती आणि तिला जवळचा शब्द सापडला, तो विषाचा.

त्या शेतकऱ्याचा हिशोब मांडून पाहू. त्याचा नांगर बाभळीच्या लाकडाचा, गावच्या सुताराने घडवलेला. तो मोडला तर सुताराच्या दारात जायचे, फाळ बोथट झाला तर लोहाराच्या भात्यापाशी बसायचे आणि दोघांचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यातून द्यायचा. या व्यवहारात रोख पैसा जवळजवळ नव्हता आणि दुरुस्तीसाठी गावाची शीवही ओलांडावी लागत नव्हती. नवा नांगर रोखीने घ्यायचा, तो ओढायला बैल जास्त लागणार, आणि त्याचा एखादा ओतीव भाग तडकला तर तो जोडणे गावच्या लोहाराच्या हातचे नाही, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठोकून वाढत नाही, ते फुटते. मग कारखान्याकडून सुटा भाग येईपर्यंत वाट पाहायची. कोरडवाहू शेतीत मशागतीचे दिवस मोजके असतात. ते हातचे गेले तर पेरणी लांबते आणि पेरणी लांबली तर वर्ष जाते. नांगर उत्तम निघाला तर फायदा दोघांचा, फसला तर कारखानदाराचा एक नांगर जाणार आणि शेतकऱ्याचे अख्खे वर्ष. अशा सौद्याला कोणी नकार दिला, तर त्याला बदल नको आहे असे म्हणणे मला तरी जमत नाही. त्याला दुसऱ्याच्या बदलाचा खर्च आपल्या नावे लावून घ्यायचा नाही, एवढेच त्यातून दिसते.

लक्ष्मणरावांनी काय केले? त्यांनी न विकलेल्या नांगरांचा तोटा स्वतः सोसला आणि ते नांगर बनवत राहिले. वाक्य छोटे आहे, पण त्या दोन वर्षांत त्यांच्यापाशी काय होते ते पाहिले म्हणजे त्याचे वजन कळते. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेला, तिथे डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला आणि तिथे हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामूअण्णांच्या जोडीने सायकलींच्या धंद्यात पडला. बेळगावातला किर्लोस्कर रोड आजही त्या दुकानाची आठवण सांगतो. सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर नांगर. मागे वडिलोपार्जित पेढी नव्हती की गुजरातेतल्या व्यापारी घराण्यांसारखे हुंडीचे जाळे नव्हते. पडून राहिलेला प्रत्येक नांगर घरखर्चातून वजा होत होता.

दुसरी गोष्ट दर्जाची. बिडाचा फाळ ओतणे हे ऐकायला सोपे वाटते. बीड कडक करावे तर ते ठिसूळ होते आणि पहिल्याच दगडावर तुकडे होतात. मऊ ठेवावे तर काळ्या जमिनीतल्या चुनखडीने चार दिवसांत झिजते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये यावर तोड काढली होती. साच्याच्या ज्या भागाला रस झटकन थंड व्हायला हवा तिथे वाळूऐवजी लोखंड ठेवायचे, म्हणजे फाळाची एक बाजू अतिशय कडक होते आणि दुसरी त्या मानाने मऊ राहते. मग वापरात मऊ बाजू आधी झिजत जाते आणि कडक बाजूची धार आपोआप टिकते. अशा विलायती नांगरांची बरोबरी करायची, तीही दक्षिण महाराष्ट्राच्या चिवट काळ्या मातीत, म्हणजे ओतशाळेतल्या प्रत्येक घाण्याची परीक्षा शेतात होणार हे मान्य करायचे. मी स्वतः ओतशाळेच्या शेजारच्या खात्यात काम केले आहे, त्यामुळे भट्टीवरचा माणूस ‘चांगला पडला’ असे म्हणतो आणि यंत्रावरचा माणूस त्याच तुकड्याला ‘हत्यार खातोय’ म्हणून शिव्या घालतो, हे रोज ऐकलेले आहे. दर्जा ठरवण्याचा अधिकार साखळीत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाचा असतो. किर्लोस्करांच्या बाबतीत तो माणूस नांगराचे रुमणे धरून उभा होता आणि त्याला गोड बोलून पटवण्याची सोय नव्हती.

आमच्याकडच्या सभागृहांत मात्र गोड बोलणे हाच कार्यक्रम असायचा. बाहेरून पाहुणे वक्ते यायचे, पडद्यावर गरुड किंवा फुलपाखरू असायचे आणि ‘बदल स्वीकारा’ हा मंत्र कामगारांकडून दोनदा मोठ्याने म्हणवून घेतला जायचा. या कार्यक्रमांची आखणी करणाऱ्यांत मीही असे. एका कारखान्यात साठ्याच्या नोंदी वहीतून संगणकावर नेण्याचे ठरले तेव्हा भांडारातले जुने लोक आडमुठेपणा करतात, अशी तक्रार वरपर्यंत गेली आणि त्यांना समजावण्यासाठी मला पाठवण्यात आले. निवृत्तीला आलेल्या एका भांडारपालाने माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “बदलाला आमची ना नाही साहेब, पण नवीन यंत्रावर नोंद चुकली तर मेमो कोणाला?” मेमो अर्थातच त्याला मिळणार होता. प्रणाली विकणाऱ्या कंपनीला तिचे बिल मिळणार होते, ती निवडणाऱ्या अधिकाऱ्याला वार्षिक मूल्यमापनात चार गुण मिळणार होते, आणि पहिल्या सहा महिन्यांतल्या अटळ चुका भांडारातल्या माणसांच्या सेवापुस्तिकेत जमा होणार होत्या. त्या प्रश्नाला माझ्या फुलपाखरात उत्तर नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही बदलाकडे पाहताना मी आधी त्याची खतावणी पाहतो. किर्लोस्करांची पुढची कहाणी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

बेळगाव नगरपालिकेला उपनगर वाढवायचे होते आणि कारखान्याची जागा त्या आड येत होती, म्हणून ती सोडण्याची वेळ आली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलुखात कुंडल रोड स्टेशनजवळ जागा देऊ केली. १९१० मध्ये लक्ष्मणराव तिथे गेले तेव्हा ती बत्तीस एकर जमीन निवडुंगाने भरलेली होती आणि निवडुंगात नाग होते. बरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. धंद्याच्या इतिहासात स्थलांतराचे प्रसंग पुष्कळ सापडतात, पण बहुतेक ठिकाणी मालक शहरात राहतो आणि माळरान कामगाराच्या वाट्याला येते. इथे मालकाचे कुटुंब त्याच माळावर होते. पाणी नसेल तर दोघांच्या घरी नसणार होते आणि साप निघाला तर कोणत्या घरात निघेल हे सापाने ठरवायचे होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी अशी उभी राहिली. तिच्या नीटनेटक्या रस्त्यांचे आणि बागांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. माझे मन मात्र त्या पहिल्या महिन्यांपाशीच घुटमळते, कारण जोखमीची इतकी सरळ वाटणी मला नंतर क्वचित दिसली.

माणसे निवडण्याची तऱ्हाही तशीच जोखमीची होती. शंभूराव जांभेकर हे यंत्राचे उपजत जाणकार, मंगेशराव रेगे हिशोब आणि व्यवस्था पाहणारे, तर के. के. कुलकर्णी आणि अनंतराव फळणीकर यांना शाळेने नापासांत काढलेले. गुणपत्रिका पाहून भरती करणाऱ्या आमच्या खात्याने या चौघांपैकी निदान दोघांना फाटकातूनच परत पाठवले असते. रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. त्यांतल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांची नावे वाडीच्या इतिहासात टिकून आहेत. एकेकाळी दरोडेखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाच्या हाती गोदामाच्या किल्ल्या देणे हा विश्वासाचा जाहीरनामा नव्हता. चूक झाली असती तर माल किर्लोस्करांचा गेला असता. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडकही त्याच काळातला. एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी, की बाकीच्यांच्या नावापुढे ‘राव’ आले आणि या दोघांच्या नावापुढे जात तेवढी राहिली. सुधारणा करणाऱ्यांच्या वहीतही काही रकाने कोरे राहतात. पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली तुरुंग-वसाहत सुरू झाली. तिचा आणि वाडीच्या पहारेकऱ्यांचा थेट संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही, पण त्या मुलुखात शिक्षा झालेल्या माणसाला काम देण्याची सवय आधीपासून होती, एवढे खरे.

आणि शेतकऱ्याला पटवण्याचे काम? ते सोडून दिलेले नव्हते, पण ते नांगर टिकू लागल्यानंतरचे होते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, हे हाताने चित्रकार. नांगराच्या जाहिराती आणि व्यंगचित्रे यांतून ते गावोगावच्या माणसांशी बोलत राहिले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेल्या त्या अंकातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाचन त्यांनी घडवले. नांगर विकण्यासाठी सुरू झालेल्या छपाईतून स्त्रियांच्या शिक्षणावरचे आणि विवाहाविषयीचे वाद निघावेत, हे मला आजही अजब वाटते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईत आहे आणि ते मराठी माणसाच्या हाडापर्यंत पोहोचलेले आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस गिरण्यांच्या मालकांनी कार्यक्षमतेची योजना आणली. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई खात्यात एका माणसाने यंत्राच्या दुप्पट बाजू पाहाव्यात, असा तिचा गाभा होता. कागदावर यात गैर काहीच नव्हते. जगभर तेच होत होते. पण कच्चा कापूस तोच, जुने माग तेच, धागा तुटण्याचे प्रमाण तेच, आणि तुटलेल्या धाग्यामागे धावणारा माणूस मात्र एकाऐवजी दोघांचे काम करणारा, शिवाय बाजूला काढलेल्या दुसऱ्याची चाळीतली खोली तशीच भरलेली. १९२८ मध्ये सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. पुस्तकांत हा संप राजकारणाच्या प्रकरणात येतो. व्यवस्थापनाच्या प्रकरणातही तो यायला हवा, कारण बदलाचा नफा एका खात्यावर आणि खर्च दुसऱ्या खात्यावर लिहिला की काय होते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

नंतरच्या पन्नास वर्षांत गंमत अशी झाली की बदल नाकारणारा बदलला. एखाददुसरा अपवाद सोडला तर मालकांनी नवे माग घेण्याचे टाळले, नफा इतर धंद्यांकडे वळवला आणि भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग बाजार खात राहिले. कामगाराला आपली संघटना निवडण्याची मोकळीक नव्हती, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेशी बोलणी करण्याची व्यवस्था केली होती आणि ती संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून फाटकावर उभे राहणारे हजारो होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. सामंतांच्या डावपेचांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. बोलणीसाठी एकही दार उघडे न ठेवणारा नेता आपल्याच माणसांना कोंडतो. पण गिरणगाव संपाने संपले, हे अर्धेच सत्य आहे. जो बदल मालकांनी हप्त्याहप्त्याने करायचा होता तो साचत साचत एकरकमी आला आणि ती रक्कम लालबाग-परळच्या खोल्यांतून वसूल झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास खुला केला आणि तिथे मनोरे उभे राहिले. बदलाला विरोध केल्याचा ठपका मात्र आजही कामगारावरच आहे.

मला अनेकदा विचारले जाते की मग मोठ्या कारखान्यात हे वेगळ्या रीतीने करता येते का, की किर्लोस्करवाडीसारख्या छोट्या वस्तीतच ते शक्य होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे उदाहरण मी त्यासाठी राखून ठेवले आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना अमेरिकेतल्या सर्वांत बेशिस्त कारखान्यांत गणला जाई. काही दिवशी पाचांतला एक कामगार येतच नसे, तक्रार-अर्जांचे गठ्ठे तुंबलेले असत आणि अखेर १९८२ मध्ये, म्हणजे गिरणी संपाच्याच वर्षी, तो बंद झाला. दोन वर्षांनी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला, तेव्हा बहुसंख्य कामगार जुनेच घेतले आणि संघटनाही जुनीच राहिली. शेकडो जणांना जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवले. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला.

याचे श्रेय सहसा दोरीला दिले जाते. जुळणीच्या पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते. कामगाराला काही चुकलेले दिसले की त्याने ती ओढायची, दिवा लागतो, टोळीनायक धावत येतो, दोष तेवढ्यात दूर झाला तर पट्टा चालूच राहतो आणि नाही झाला तर थांबतो. याची मुळे टोयोटाच्या मूळ पुरुषापर्यंत, साकिची टोयोडांच्या मागापर्यंत जातात, जो धागा तुटताच आपोआप थांबत असे. दोरीचे हे वर्णन ऐकून आपल्याकडच्याही पुष्कळ कारखान्यांनी दोऱ्या लावल्या. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तिच्यावर धूळ होती, कारण ती ओढणाऱ्याला ‘उत्पादन का थांबवले’ याचा खुलासा पाळीच्या शेवटी लेखी द्यावा लागे. तिथेही पुन्हा मेमोचाच प्रश्न.

फ्रीमाँटमध्ये दोरीच्या आधी करारातले एक कलम आले होते. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कामगार कमी केले जाणार नाहीत, आणि तशी वेळ आलीच तर त्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कापले जातील, असे त्यात लिहिलेले होते. काही वर्षांतच गाड्यांची मागणी घसरली आणि कलमाची परीक्षा झाली. रिकाम्या झालेल्या कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवले गेले. माणसाला दोरी ओढण्याचे धाडस तिथे आले. दोष दाखवणे म्हणजे काम कमी करण्याचा मार्ग सुचवणे, आणि काम कमी झाले तर आपलाच माणूस जाणार अशी धास्ती असेल, तर कुठला शहाणा दोष दाखवील?

ते कलमही कोणाच्या औदार्यातून आले नव्हते. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती, कर्ज देणाऱ्या बँकांना माणसे कमी करून हवी होती आणि तसे करणार नाही असा शब्द संस्थापक किइचिरो टोयोडांनी दिलेला होता. संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगार गेले आणि किइचिरोंनी अध्यक्षपद सोडले. दोन वर्षांतच त्यांचा मृत्यू झाला. उरलेल्यांना नोकरीची शाश्वती आणि त्यांच्याकडून कामात लवचिकता, हा टोयोटाचा नंतरचा व्यवहार त्या पडझडीतून उभा राहिला. शब्द मोडला गेला तेव्हा तो देणारा खुर्चीत राहिला नाही, हे कामगारांनी पाहिले होते. आपल्याकडच्या व्यवस्थापन-वर्गांत टोयोटाची पद्धत शिकवताना हे वर्ष बहुधा गाळले जाते. शाश्वतीलाही मर्यादा असतात हेही सांगायला हवे: आधी जनरल मोटर्स दिवाळखोरीमुळे बाहेर पडली, पाठोपाठ टोयोटाने हात काढून घेतला आणि २०१० मध्ये फ्रीमाँटचा तो कारखाना बंद पडला, हजारो लोक बेकार झाले आणि पुढे ती जागा टेस्लाने घेतली.

किर्लोस्करांकडे परत येतो, कारण त्यांच्या खतावणीतही मला एक बाजू अपुरी दिसते. १९२६ मध्ये वाडीत पंप बनू लागले, त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियंता होऊन बाहेर पडले, आणि पुढे १९४६ मध्ये पुण्यात तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला. ज्या नांगराने नाव दिले त्याच्या पलीकडे पाहण्याची मोकळीक बापाने मुलाला दिली, हे घराण्यांच्या धंद्यात वाटते तितके सामान्य नाही. इंजिन आणि पंप आले तशी विहिरीवरची मोट गेली. पहाटेपासून बैलांमागे उलट-सुलट चालणाऱ्या माणसाचा त्रास वाचला, ऊस वाढला, द्राक्षे आली. पण मोट चामड्याची असे आणि ती शिवणारा चर्मकार गावचा बलुतेदार होता. लाकडी नांगर घडवणारा सुतारही तसाच. लोखंडी नांगराने आणि पंपाने शेतकऱ्याचा खर्च हळूहळू भरून दिला, कारखानदाराचा तर दिलाच. सुताराचा आणि चर्मकाराचा कोणी भरून दिला, याची नोंद मला कुठे आढळली नाही. त्यांची मुले मुंबईच्या गिरण्यांत गेली असतील, आणि गेली असतील तर पुढे काय झाले ते वर आलेच आहे.

हा हिशोब जुना झाला असे मानायला आज जागा नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन लागत नाही, क्रँकशाफ्ट लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. आणि भोसरी, चाकण, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव भागातले कितीतरी छोटे कारखाने नेमके हेच भाग किंवा त्यांचे तुकडे करून जगतात. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार-मेळाव्यांत त्यांना पुन्हा तेच सांगितले जाते: बदल स्वीकारा. नवी यंत्रे कर्जाने घ्यायची, भाव मात्र वर्षाला ठरल्याप्रमाणे कमी करत जायचे आणि ऑर्डरची हमी मागायची नाही. म्हणजे १९०३ च्या शेतकऱ्यापुढे होता तोच सौदा, फक्त यावेळी लक्ष्मणरावांशिवाय.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या कारखानदाराने या वर्षी आपल्या माणसांना जमवून ऑर्डरची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली. सायलेन्सरच्या ब्रॅकेटचे काम कसे आटत चालले आहे ते आकड्यांनिशी दाखवले, दोन यंत्रे बदलून मोटारीच्या आवरणाचे काम घ्यायचा विचार सांगितला आणि नव्या कामात पहिले सहा महिने जो माल खराब होईल तो कोणाच्याही बोनसमधून कापला जाणार नाही, असे कबूल केले. मला वाटले होते की टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका ऑपरेटरने उठून विचारले की हे सहा महिने मोजायचे कधीपासून, यंत्र आल्यापासून की पहिला माल गेल्यापासून, आणि हे सगळे लेखी मिळेल का. कारखानदार मनातून थोडा दुखावला. इतक्या वर्षांच्या संबंधांत कागदाची काय गरज, असे तो मला नंतर म्हणाला. मी त्याला कागद द्यायला सांगितले आहे. मसुदा त्याच्या वकिलाकडे आहे आणि ‘पहिला माल’ म्हणजे नमुना की पहिली पक्की ऑर्डर, यावर सध्या घोडे अडले आहे.